पस्तीसच्या आत

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ फेब्रुवारी २०२४

सुदर्शन,

सहा वर्षांनी लिहितेय. खुशाली विचारायची सवय मोडली आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. पत्ता मामाच्या सार्थककडून घेतला. तू गुजरातेत साणंदच्या कारखान्यात आहेस, एवढंच त्याला माहीत होतं. तुझा जुना फोन लागत नाही.

आई आजारी होती. २०२२ च्या दिवाळीआधी तिचं पोट फुगायला लागलं. पिशोरला दोन महिने ती गॅसच्या गोळ्या खात बसली. मी इथं आणून दाखवलं तर अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमोचे सहा डोस झाले, आणि तेव्हापासून ती माझ्याकडंच आहे. माझं लग्न मोडल्याचं तुला कळलं असेलच. घरात आम्ही दोघीच.

मी अजून उस्मानपुऱ्यातल्या त्याच लॅबमध्ये आहे. आईचं रक्त मीच काढते. दर तीन महिन्यांनी सीए-१२५ नावाची तपासणी असते. या रोगाच्या गाठी रक्तात एक प्रथिन सोडतात, ते किती आहे ते मोजायचं. पस्तीसच्या आत असलं तर ठीक. रोग सापडला तेव्हा आईचा आकडा अकराशे चाळीस होता. किमो संपताना बावीस झाला. परवा सोळा आला. आकडा म्हणजे रोग नव्हे, कधी साध्या सुजेनंही तो चढतो. पण एकदा चढायला लागून चढतच राहिला, तर रोग परत आलाय हे रक्त आधी सांगतं. पोटात दुखायच्या कितीतरी महिने आधी.

आईला हे सगळं पाठ झालंय. मी लॅबमधून आले की पदराला हात पुसत उभी राहते. "किती?" म्हणते. परवा सोळा सांगितलं तर म्हणाली, "सुरेखा, पस्तिसाच्या वर गेला का सुदर्शनला कळव. त्याच्या आधी नको. बरी हाय तवर मला त्याचं तोंड बघायचं नाय. जाताना बघीन."

म्हणून लिहितेय. तुला बोलवायला नाही. बोलवायची वेळ आलीच तर पत्ता बरोबर आहे का, एवढं बघायला.

आबांचं मी विसरलेले नाही. आतड्याची गाठ काढायला डॉक्टरांनी तारीख दिली होती, आणि तू त्यांना वैद्याच्या पुड्या खाऊ घातल्यास. चार महिने गेले आणि आबा गेले. त्या दिवशी आई तुला जे बोलली, त्यातला एक शब्दही मला जास्त वाटला नव्हता.

सुरेखा


गारखेडा
१९ मे २०२४

सुदर्शन,

तुझं पत्र मिळालं. फोन नंबरही मिळाला. तू आबांबद्दल एक ओळ लिहिली नाहीस आणि आईबद्दल तीन पानं विचारलंस. तेव्हा सांगते.

आकडा एकोणीस आहे. सोळाचे एकोणीस झाले म्हणून घाबरू नकोस, एवढा फरक मशीनचाही असतो.

ती बरी आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत कॉलनीला दोन चकरा मारते. शेजारच्या वच्छलाबाईंशी तिचं जमलंय, दोघी मिळून सगळ्या गल्लीच्या कुरडया करतात. दोनदा मी ओरडले, "आई, डॉक्टरांनी उचलायला नको म्हटलंय." तर म्हणते, "डॉक्टरला काय ठावं, गव्हाचा चीक कवा घोटायचा ते."

संध्याकाळी मी गाडी लावते तेव्हा ती गॅलरीत असते. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तर वच्छलाबाईंना फोन करायला लावते. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, सुदर्शन. माझी अशी वाट बघणारं कुणी असतं हे मी विसरून गेले होते.

तुला यायचंय असं तू लिहिलंस. तिची अट तुला माहीत आहे. तिला विचारल्याशिवाय तू दारात उभा राहिलास तर ती काय करील हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही.

सुरेखा


गारखेडा
१८ ऑगस्ट २०२४

सुदर्शन,

आकडा चोवीस. सगळं ठीक आहे.

डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, छान, आता नोव्हेंबरमध्ये या. आई पुढच्या आठवड्यात पिशोरला जाणार आहे, सार्थकला मुलगी झाली, तिचं बारसं आहे. दोन लुगडी काढून ठेवलीत आणि रोज त्यातलं कुठलं नेसू म्हणून विचारते.

तू रजेचं लिहिलंस. उगाच रजा घालवू नकोस. गरज पडली तर मी सांगेनच की.

कामाची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

सुरेखा


गारखेडा
१७ नोव्हेंबर २०२४

सुदर्शन,

दिवाळीला येऊ का, असं विचारणारं तुझं पत्र मला दिवाळी झाल्यावर मिळालं. पोस्टाचा काही नेम नाही.

आकडा सत्तावीस आहे. पस्तीसच्या आतच आहे. आई जरा दमते, जेवण थोडं कमी झालंय, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं म्हणते. वय झालं. थंडीही यंदा लवकर पडली.

एकदा ती स्वतःहून तुझ्याबद्दल बोलली. "त्याला तिकडं बाजरीची भाकर मिळत आसंल का?" एवढंच. मी म्हटलं, गुजरातेत बाजरी असते, आई. मग तिनं विषय बदलला.

तू सारखं सारखं विचारू नकोस. माझ्या डोळ्यासमोर आहे ती.

सुरेखा


गारखेडा
२ मार्च २०२५

सुदर्शन,

तू आईच्या तेराव्यानंतर निघालास तेव्हा बसस्टँडवर माझे पाय धरलेस. म्हणालास, "अक्का, मी आबांचं वाटोळं केलं, तू आईचं सगळं केलंस." बस हलेपर्यंत तू खिडकीतून हात जोडून बघत होतास. मी तुला काही बोलले नाही. तेव्हापासून तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

ऑगस्टमध्ये आईचा आकडा चोवीस नव्हता. एकाहत्तर होता. नोव्हेंबरमध्ये सत्तावीस नव्हता, तीनशे चाळीस होता.

आमच्या लॅबमध्ये मशीनवर आलेला आकडा हातानं रिपोर्टमध्ये टाईप करावा लागतो. कहकशा मॅडम, आमच्या पॅथॉलॉजिस्ट, दुपारी सगळे रिपोर्ट एकदम सह्यांना घेतात. बारा वर्षं त्या माझ्या टायपिंगवर डोळे मिटून सही करत आल्या. ऑगस्टमध्ये मशीनवर एकाहत्तर दिसला तेव्हा मी आधी नमुना परत लावला. पुन्हा एकाहत्तर. खुर्चीवर बसले आणि चोवीस टाईप केलं. किती सोपं होतं ते. दोनच तर अंक.

मनाला सांगितलं, बारसं होऊ दे. कधी सुजेनंही चढतो. महिन्यानं परत बघू. आई पिशोरहून हसत आली, पोरीला मांडीवर घेतलेले फोटो घेऊन आली, आणि मी महिन्यानं परत बघितलं नाही. आकडा मला माहीत होता. मला तो पुन्हा बघायचा नव्हता.

तो कागद मी डॉक्टरांना दाखवला. कागद चांगला, म्हणून त्यांनी सोनोग्राफी सांगितली नाही. नोव्हेंबरमध्येही तेच केलं. आई म्हणाली होती, पोट भरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" तिच्या आधी मीच म्हणाले, "थोडा गॅस होतो."

तू म्हणशील, आईला धक्का बसू नये म्हणून केलं असेल. लोकही तसंच म्हणतील. त्यात थोडं खरं आहे. पण ते सगळं नाही. एकाहत्तर सांगितला असता तर तुला बोलवावं लागलं असतं. किमोच्या उलट्यांत तिचं डोकं मी धरलं होतं. तिची घाण मी काढली होती. आणि तू नुसता दारात आला असतास, तर ती सगळं विसरून तुझ्या गळ्यात पडली असती. मला ते बघायचं नव्हतं. मला ती गॅलरीत माझी वाट बघत हवी होती. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण खरं हेच आहे.

संक्रांतीनंतर दोन दिवसांत तिचं पोट तटतटून फुगलं, उलट्या थांबेनात. ॲडमिट केलं. पोटातून चार लिटर पाणी काढलं. हॉस्पिटलनं त्यांच्याकडंच रक्त तपासलं, आकडा दोन हजार तीनशे आला. दोन महिन्यांपूर्वी सत्तावीस आणि आता हा! डॉक्टरांना पटेना. त्यांनी आमच्या लॅबला फोन केला की तुमचं किट खराब आहे का.

कहकशा मॅडमनी मशीनची जुनी नोंद उघडली. मशीनमध्ये सगळं राहतं. मला आत बोलावलं.

"सुरेखा, मशीनमें तीनसौ चालीस है. रिपोर्टवर सत्तावीस कुणी टाकलं?"

"मी."

"और अगस्तवाला?"

"तो पण मीच."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ये मेरी सही है, सुरेखा. पेशंट कोण आहे ते तरी बघायचं होतं. तुझी आई आहे ही."

"म्हणूनच," मी म्हणाले.

"म्हणूनच?" त्यांचा आवाज एकदम चढला. "दुसऱ्या कुणाच्या आईचा रिपोर्ट असा बदलला असतास?"

"नाही."

"मैं कैसे मानूं?"

त्यांनी माझ्या हातच्या गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी तपासायला काढल्या. दुसरा एकही बदललेला निघाला नाही. तरी त्यांनी मला कामावरून काढलं, आणि बरोबरच केलं. डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं.

डॉक्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते तुलाही कळायला हवं. हा रोग परत आला की नुसता आकडा चढल्याबरोबर किमो सुरू केली काय आणि त्रास सुरू झाल्यावर केली काय, माणसं साधारण तेवढीच जगतात, असं अभ्यासात दिसलंय म्हणे. "पण तुमच्या आईच्या बाबतीत काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही," असंही म्हणाले. "सोनोग्राफी झाली असती. पाणी वेळेवर काढलं असतं. आणि त्यांना कळलं असतं. काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं."

मी यात सुटका शोधत नाही. तिचं आयुष्य कमी झालं की नाही ते देवाला माहीत. पण ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचे पाच महिने तिला बोलता येत होतं, चालता येत होतं, भाकरी थापता येत होती. ते पाच महिने तुझे होते. तिनं स्वतःच्या तोंडानं तुला दिलेले होते. ते मी घेतले.

तू आलास तेव्हा आदल्या दुपारपासून तिला शुद्ध नव्हती. दोन दिवस तू तिचे तळवे चोळत बसलास आणि नर्सला विचारत राहिलास, "यांना ऐकू येतं का हो?" मी खुर्चीत बसून होते. डॉक्टर तुला काही बोलले नाहीत, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

आणि आबांचं. आबांना ऑपरेशन नको होतं. ते मला एकटीला म्हणाले होते, "मला चिरायचं नाय. सुदर्शनला म्हणलो मी, त्या वैद्याचं औषध आण." तू त्यांचं ऐकलंस. आईनं तुला घराबाहेर काढलं तेव्हा मी तिथंच उभी होते. तूही आबांचं नाव घेतलं नाहीस आणि मीही तोंड उघडलं नाही. चार महिन्यांसाठी तुला मी सहा वर्षं गुन्हेगार धरलं. आता माझे पाच महिने झाले.

तुझा नंबर माझ्याकडं मे महिन्यापासून होता. तरी पत्रंच पाठवत राहिले. फोनवर तू माझ्या आवाजातलं खोटं ओळखलं असतंस.

रिपोर्टच्या खऱ्या प्रती सोबत ठेवल्या आहेत.

सुरेखा


गारखेडा
६ एप्रिल २०२५

सुदर्शन,

महिनाभर तुझं काही आलं नाही. मी तशी तयारी ठेवली होती. काल पाकीट आलं. आत कोरा कागद आणि त्यावर एकच ओळ: "आईनं माझी वाट बघितली का?"

शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं. तू नेमकं तेच विचारलंस जे मी गेल्या पत्रात लिहिलं नव्हतं. सगळं कबूल केलं असं वाटत होतं मला. हे एक तरीही मागं ठेवलं होतं.

बघितली. अकरा दिवस बघितली.

सोळा जानेवारीला पाणी काढल्यावर तिला जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता आकडा वर गेला आसंल." मी मान हलवली. "मंग सुदर्शनला कळवलं का?"

मी म्हणाले, "कळवलं. येतो म्हणालाय."

कळवलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी कळवायचं असं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मॅडमनी मशीनची नोंद उघडली, आणि मग मला भीती वाटली. तू आलास की डॉक्टर पहिली गोष्ट तुला हीच सांगणार. आईच्या कॉटजवळ, तिच्यादेखत. म्हणून आज नको, उद्या करू, असं करत राहिले. तिला रोज सांगत राहिले, निघतोय, रजा मिळत नाही, तिकीट मिळत नाही. तिला खोटं सांगायचा माझा हात बसला होता.

तिनं एकदाही तुला दोष दिला नाही. हे तू नीट वाच. वॉर्डात पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "मावशी, तुमचा लेक कसा येईना अजून?" तर आई तिला म्हणाली, "लांब हाय माय तो. कारखान्याची नोकरी, म्हणलं की सोडत नसत्यात. न्हाय तर माझा पोरगा थांबणारा नव्हं." व्हरांड्यात बुटांचा आवाज आला की बोलता बोलता थांबायची. आवाज पुढं गेला की परत बोलायला लागायची.

सातव्या की आठव्या दिवशी मला राहवेना. माझ्याकडं तिला सांगायच्या दोन गोष्टी होत्या, एक जुनी आणि एक नवी. नवी सांगायचा धीर झाला नाही. जुनी सांगितली. म्हटलं, "आई, त्या पुड्या आबांनीच आणायला लावल्या होत्या. सुदर्शनच्या मनात नव्हतं."

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"तवापसून. तुझा बाप सुईला भेत होता, मला ठाऊक नसंल व्हय? त्यानंच सांगितलं आसंल पोराला."

"मग सुदर्शनला का बोललीस तसं?"

ती सलाईनच्या हाताची बोटं हलवत होती. मग म्हणाली, "मेलेल्या माणसावर राग कसा काढू, सुरेखा? जित्यावर काढला. पोरगं हाय, सोशील म्हणलं. पर ते लईच लांब निघून गेलं. मंग मलाबी बोलवता येईना." थोड्या वेळानं म्हणाली, "आला का आधी हे सांगायचं हाय त्याला. मीच सांगीन. तू नको सांगू."

म्हणून मी सांगितलं नव्हतं. पण आता तिला सांगता येणार नाही, आणि तू विचारलं आहेस.

तिची शुद्ध गेली तेव्हा तिला वाटत होतं की तुला केव्हाच बोलावलंय आणि तू वाटेत आहेस. माझं तिला कधीच कळलं नाही. ती माझा हात धरून, माझ्यावर विश्वास ठेवून गेली. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. यायचं, न यायचं, बोलायचं, न बोलायचं, हे या वेळी तू ठरव. मला विचारू नकोस.

सत्तावीस जानेवारीला सकाळी ती लवकर जागी झाली. आवाज खोल गेला होता. मला म्हणाली, "केस विंचर माझे. आज यायचा तो." दोन वर्षांत खांद्याला लागतील एवढे वाढले होते, पांढरे, मऊ. मी तेल लावलं, बारीक वेणी घातली. तिनं हात मागं नेऊन वेणी चाचपली आणि दाराकडं तोंड करून पडून राहिली.

मग मी खाली उतरले आणि तुला फोन लावला. तू पहिल्याच रिंगला उचललास.

सुरेखा